क्रीट बेटावर मे-जूनची सुट्टी: तापमान नंतर, आधी वारा बघा

मे महिन्याच्या शेवटी क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर लागोपाठ दोन दिवस असे येऊ शकतात, की हवामानाच्या ॲपवर दोन्ही दिवसांपुढे तोच पिवळा सूर्य आणि तेच २५ अंश दिसतात. पहिल्या दिवशी पाणी इतकं स्वच्छ, की कमरेएवढ्या खोलीतही पायाखालचे गोटे दिसतात. दुसऱ्या दिवशी लाटांवर फेस, उडणारी वाळू पिंडऱ्यांना टोचते, बालोस या प्रसिद्ध किनाऱ्याकडे जाणारी बोट रद्द होते आणि किनाऱ्यावर लाल झेंडा चढतो. ऊन दोन्ही दिवशी सारखंच असतं. बदललेला असतो तो वारा.

ग्रीसच्या या सर्वात मोठ्या बेटावर सुट्टी आखणारे बहुतेक जण तापमानाचे तक्ते बघून तारीख ठरवतात, मग रोज एक प्रसिद्ध किनारा अशी यादी करतात आणि ती ठरल्या वारी पार पाडायला निघतात. मे-जूनमध्ये क्रीट इतकं सुंदर असतं, की अशा यादीपायी त्यातले दोन-तीन दिवस वाया जावेत याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून हा लेख त्या यादीऐवजी वाऱ्याभोवती बेतलेला आहे.

पहिली पायरी: तारीख

बेटाची राजधानी हेराक्लिओ. तिथे मे महिन्यात दिवसाचं कमाल तापमान सरासरी २३-२४ अंश आणि रात्रीचं १५ च्या आसपास असतं. जूनमध्ये हेच आकडे २७ आणि १९ पर्यंत चढतात. मे महिन्यात सरासरी १५ मिलिमीटर पाऊस पडतो, जूनमध्ये जेमतेम तीन-चार. म्हणजे पावसाची काळजी मे उजाडतानाच जवळजवळ संपलेली असते.

समुद्राचं गणित मात्र वेगळं आहे. पाणी हवेपेक्षा फार सावकाश तापतं, म्हणून मेच्या सुरुवातीला बाहेर उन्हाळा वाटला तरी पाणी १८-१९ अंशांचंच असतं. अंग आत घालताना श्वास अडकतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर यावंसं वाटतं. मेअखेर ते २० च्या पुढे जातं, जूनच्या मध्याला २२ च्या आसपास पोचतं. सर्वात उबदार पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिळतं, पण तेव्हा ऊन आणि गर्दी दोन्ही टिपेला असतात.

मला विचाराल तर २० मे ते १२ जून हा काळ सर्वात चांगला. पोहणं महत्त्वाचं असेल तर त्याचा उत्तरार्ध घ्या. डोंगर, घळी, रानफुलं यांची ओढ असेल तर मेचा पहिला पंधरवडा घ्या. तेव्हा बेट हिरवं असतं आणि लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, माथ्यावर अजून बर्फ धरून असतात. लहान मुलं बरोबर असतील तर मेची सुरुवात टाळलेली बरी. थंड पाण्यात ती फार वेळ रमत नाहीत, आणि मग दिवसभर त्यांचं करायचं काय हा प्रश्न उरतो.

ग्रीक सणांकडेही लक्ष ठेवा. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२७ मध्ये २ मे रोजी आहे. त्या आठवड्यात अथेन्सहून येणारी विमानं आणि बोटी भरलेल्या असतात. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सोमवारीही सुट्टी असते आणि तो शनिवार-रविवार ग्रीक कुटुंबं बेटांवर घालवतात. २० मेच्या सुमारास पश्चिम क्रीटमधल्या हानिया शहर आणि मालेमे परिसरात १९४१ च्या क्रीटच्या लढाईचे स्मृतिसोहळे होतात. जर्मन छत्रीसैनिक याच तारखेला इथे उतरले होते. इतिहासाची आवड असेल तर हे दिवस मुद्दाम निवडावेत, फक्त खोली बऱ्याच आधी घ्यावी.

दुसरी पायरी: बेटाचा आकार आणि वारा

इथे थोडा वेळ काढा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आणि उत्तर-दक्षिण मात्र १२ ते ६० किलोमीटर रुंद आहे. मधोमध डोंगरांचा कणा आहे. सर्वात उंच शिखर प्सिलोरितिस २,४५६ मीटर, पश्चिमेला पाख्नेस २,४५३ मीटर. असा उंच, लांब बांध समुद्रात आडवा पडलेला असल्यामुळे कोणताही जोरदार वारा आला, की उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यावर एकाच दिवशी दोन वेगळी हवामानं तयार होतात.

उत्तरेचा वारा. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून जो वारा वाहतो त्याला तिथे मेल्तेमी म्हणतात. त्याचा खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, जूनमध्ये त्याचे पहिले हप्ते येतात आणि मे तुलनेने शांत जातो. हा वारा सुटला की आकाश निळंशार आणि हवा कोरडी असते, उत्तर किनारा मात्र खवळतो. वायव्य टोकाचा बालोस आणि पश्चिमेचा फलासार्ना हे दोन्ही उघड्यावर असल्यामुळे त्यांना तो थेट लागतो. अशा दिवशी दक्षिणेला जायचं.

पण दक्षिणेला सगळीकडे शांतता असते असं नाही. डोंगररांगेतल्या खिंडींमधून वारा दाबला जातो आणि पलीकडे दुप्पट जोराने बाहेर पडतो. उत्तर किनाऱ्यावरच्या रेथिम्नो शहराच्या दक्षिणेचं प्लाकियास गाव यासाठी ओळखलं जातं. कोत्सिफू आणि कुर्तालिओतिको या घळी वाऱ्याला त्याच बाजूला आणून सोडतात. समुद्र जवळजवळ सपाट, पण झोत इतका की टॉवेल जागेवर राहत नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्याच लुत्रो गावाचं चित्र याच्या उलट आहे. अर्धवर्तुळाकार खाडी, मागे सरळ उभा कडा. गाडीचा रस्ता तिथे पोचतच नाही, बोटीने किंवा पायी जावं लागतं. तिथलं पाणी बहुतेक वेळा शांत मिळतं. नैर्ऋत्येचं पालेओहोरा हे गाव मला सर्वात सोयीचं वाटतं. ते एका चिंचोळ्या भूशिरावर वसलेलं आहे. पश्चिमेला वाळूचा किनारा, पूर्वेला गोट्यांचा. एका बाजूला वारा असला की चालत पाच-सात मिनिटांत दुसरी बाजू गाठायची.

दक्षिणेचा वारा. हा आफ्रिकेकडून लिबियन समुद्र ओलांडून येतो आणि मार्च ते मे या काळात अधूनमधून सहाराची धूळ घेऊन येतो. एप्रिल २०२४ मध्ये अथेन्सचं आकाश नारिंगी झालेली छायाचित्रं जगभर पोचली होती. तशीच धूळ क्रीटवरही उतरते. त्या दिवशी दक्षिण किनाऱ्यावर लाटा, आणि उत्तरेकडे समुद्र शांत पण हवा भट्टीची. डोंगर ओलांडून उत्तरेच्या उतारावरून खाली येताना हवा दाबली जाऊन आणखी तापते. हेराक्लिओ आणि हानिया अशा दिवशी दक्षिणेपेक्षा जास्त गरम असतात, मे महिन्यातही पारा ३५ च्या वर जाऊ शकतो. हा प्रकार सहसा एक-दोन दिवसांत निवळतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी खिडक्या बंद ठेवून आत राहावं, इन्हेलर जवळ ठेवावा, बाहेर पडावंच लागलं तर मास्क लावावा. बाकीच्यांनी तो दिवस हेराक्लिओच्या पुरातत्त्व संग्रहालयाला द्यावा. मिनोअन, म्हणजे क्रीटवरच्या कांस्ययुगीन संस्कृतीचा एवढा मोठा संग्रह जगात दुसरीकडे कुठेही नाही आणि तो निवांतपणे बघायला अख्खी दुपार लागतेच.

तिसरी पायरी: अंदाज वाचायला शिका

ॲपवरचा सूर्य आणि अंश बाजूला ठेवा आणि फक्त तीन गोष्टी शोधा: वाऱ्याची दिशा, वेग आणि झोतांचा वेग. दिशा नेहमी वारा जिथून येतो तिची दिलेली असते. ‘उत्तर’ लिहिलं असेल तर वारा उत्तरेकडून येतोय. नकाशावरचा बाण मात्र तो जिकडे चाललाय तिकडे टोक करून असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

ग्रीसमध्ये वारा बोफर्ट श्रेणीत, म्हणजे त्याचा जोर ० ते १२ आकड्यांत मांडून सांगतात. ३ पर्यंत कुठेही जा. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, वाऱ्याच्या बाजूचे किनारे कुरकुरीचे. ५ म्हणजे ताशी ३८ पर्यंत, त्या बाजूला पोहण्यात मजा राहत नाही. ६ ला ताशी ४९ पर्यंत वेग जातो, लहान सहलीच्या बोटी थांबू लागतात. ८ पासून पुढे, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरपासून वर, मोठ्या जहाजांवरही बंदी येऊ शकते.

ग्रीक राष्ट्रीय हवामान सेवा आणि अथेन्सच्या राष्ट्रीय वेधशाळेचं ‘मेटिओ’ हे संकेतस्थळ, दोन्हीकडे गावनिहाय अंदाज मिळतो. दहा दिवस पुढचा वारा बघून काही ठरवू नका. तीन दिवसांपर्यंतचा अंदाज बराच भरवशाचा असतो. त्यामुळे पद्धत अशी ठेवा: रोज संध्याकाळी पुढच्या दोन दिवसांचा वारा बघा आणि उद्याचा किनारा तेव्हाच ठरवा. ठिकाणांची यादी घरून केलेली असू द्या, पण त्यांच्यापुढे तारखा लिहू नका. प्रत्येक ठिकाणापुढे एवढंच लिहा की ते कोणत्या वाऱ्याला उघडं आहे.

उन्हाळी वाऱ्याला रोजची एक लयही असते. पहाटे तो पडलेला असतो, अकराच्या सुमाराला वाढू लागतो, दुपारी टिपेला जातो आणि सूर्य कलला की बऱ्याचदा ओसरतो. म्हणून ज्या दिवशी दुपारी उत्तरेचा ५ सांगितलाय, त्या दिवशीही सकाळी आठला उत्तर किनाऱ्यावर छान पोहता येऊ शकतं.

चौथी पायरी: मुक्काम कुठे

एका आठवड्यात अख्खं बेट बघायचा हट्ट सोडा. हानिया ते हेराक्लिओ हेच अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे आणि गाडीने दोन ते अडीच तास घेतं. त्याच्या पूर्वेला तेवढंच बेट अजून पसरलेलं आहे. आठवड्यासाठी एक किंवा फार तर दोन मुक्काम पुरे.

मुक्काम निवडताना नकाशावर एकच गोष्ट बघा: इथून दुसरा किनारा किती लांब? रेथिम्नोहून दक्षिणेचा प्लाकियास-प्रेवेली भाग तासाभरात येतो. हेराक्लिओहून मताला साधारण सव्वा तास. हानियाहून सूया किंवा पालेओहोरा दीड तासाच्या आसपास, रस्ता वळणांचा. आणि पूर्वेला पाखिया आमोस ते इएरापेट्रा या पट्ट्यात बेटाची रुंदी फक्त १२ किलोमीटर उरते. तिथे राहिलात तर सकाळी वारा बघून वीस मिनिटांत किनारा बदलता येतो. पूर्व क्रीटला प्रसिद्धी कमी आहे, पण वाऱ्याशी जुळवून घ्यायला इतकी सोयीची दुसरी जागा बेटावर नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तरी हानिया किंवा रेथिम्नोच सुचवेन, कारण जुनी व्हेनेशियन शहरं, घळी आणि पश्चिमेचे किनारे सगळे तिथून जवळ आहेत. दुसऱ्यांदा जात असाल तर पूर्वेला नक्की जा.

खोली घेताना उत्तरेकडे तोंड असलेली समुद्रदृश्याची बाल्कनी जूनमध्ये वाऱ्याची असते, हे लक्षात ठेवा. अंगणाच्या बाजूची खोली स्वस्तही मिळते आणि तिथे संध्याकाळी बसताही येतं.

गाडी घेणं गरजेचं आहे का? शहरांदरम्यान केटेल कंपनीच्या बस उत्तम चालतात. पण ऐनवेळी किनारा बदलायचा तर गाडीच हवी. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आहे. युरोपबाहेरचा परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत काढून घ्या. उत्तरेच्या मुख्य रस्त्यावर स्थानिक चालक कडेच्या पट्टीवर सरकून मागच्याला वाट देतात. तुम्हीही द्या, पण वळणावर नाही, कारण पुढे कुणीतरी थांबलेलं असू शकतं. बालोसकडचा रस्ता शेवटी कच्चा आहे आणि अनेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर टायर आणि गाडीच्या तळाचं नुकसान विम्याबाहेर असतं. करारातली ती ओळ गाडी ताब्यात घेण्याआधी वाचा.

पाचवी पायरी: कागदपत्रं आणि पैसे

ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहे. व्हिसा लागणाऱ्यांना प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. जूनसाठी मार्चमध्येच भेटीची वेळ घ्यावी, कारण उन्हाळ्याआधी वेळा मिळणं कठीण होतं. प्रौढांचं शुल्क ९० युरो, प्रवास वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. शेंगेनमध्ये पहिलं पाऊल जिथे पडेल तिथे पासपोर्ट तपासला जातो आणि आता बोटांचे ठसे व चेहऱ्याचा फोटोही घेतला जातो. त्यामुळे तिथून क्रीटचं पुढचं विमान पकडायला तीन तास तरी मोकळे ठेवा.

हॉटेलच्या दरावर एक वेगळा कर बसतो, जो बऱ्याचदा आगाऊ भरलेल्या रकमेत नसतो आणि तिथे पोचल्यावर द्यावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात प्रत्येक खोलीला प्रत्येक रात्रीसाठी तीन तारांकित हॉटेलात ५ युरो, चार तारांकितला १०, पाच तारांकितला १५ आणि अल्पमुदतीच्या भाड्याच्या सदनिकेला ८ असे दर आहेत. आठ रात्रींचं गणित आधीच मांडून ठेवा.

सहावी पायरी: दिवसाची आखणी

हेराक्लिओत उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, तर सुमारे १ वाजून २० मिनिटांनी. ग्रीसचं उन्हाळी घड्याळ सूर्याच्या तेवढं पुढे आहे. म्हणजे ‘दहा ते तीन ऊन टाळा’ हा नेहमीचा सल्ला इथे ‘साडेअकरा ते साडेचार’ असा वाचायचा. चार वाजता किनाऱ्यावर गेलात तरी सूर्याच्या हिशेबाने तेव्हा पावणेतीनच्याही आत वाजलेले असतात. जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, त्यामुळे घाई करायचं काही कारणच नाही.

जूनच्या निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ९-१० पर्यंत जातो. वाऱ्यामुळे अंग तापल्याचं कळत नाही, आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी खांदे आग आग करतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० चं घ्या आणि भरपूर लावा. मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी सुमारे ३५ मिलिलिटर लागतं, म्हणजे लहान बाटली दोघांना दोन दिवसही पुरत नाही. दर दोन तासांनी आणि प्रत्येक पोहण्यानंतर पुन्हा लावा. सावळ्या कातडीलाही ते लागतंच. पोहताना लांब बाह्यांचा पातळ टी-शर्ट घातला तर पाठ आणि खांदे कोणत्याही क्रीमपेक्षा चांगले वाचतात.

दिवस असा मांडावा: सकाळी सात ते साडेअकरा बाहेरचं काम, म्हणजे चढण, अवशेष किंवा वाऱ्याआधीचं पोहणं. दुपारी जेवण, झोप, संग्रहालय, जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या. पाचनंतर पुन्हा समुद्र. क्नोसोसच्या मिनोअन राजवाड्याच्या अवशेषांना दार उघडताच पोचा, नाहीतर बंद होण्याआधीचे दोन तास निवडा. आर्थर इव्हान्सने १९०० साली जिथे उत्खनन सुरू केलं तो हा परिसर बराचसा उघडा आहे, सावली मोजकी आहे आणि दहाच्या पुढे प्रवासी जहाजांचे गट यायला लागतात. नैर्ऋत्य टोकाच्या एलाफोनिसी किनाऱ्याचंही तेच: नऊच्या आधी किंवा पाचनंतर. तिथलं उथळ तळं मेमध्येही लवकर तापतं, म्हणून थंड पाण्याला घाबरणाऱ्यांना ते सोयीचं. जोराचा वारा असेल तर मात्र तिथे जाऊ नका, उथळ पाणी आणि मोकळी वाळू वाऱ्यात फार त्रास देते. तिथली वाळू आणि शिंपले उचलून आणायचे नाहीत, ती संरक्षित जागा आहे.

उंचीचाही उपयोग करा. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली ३४ अंश असताना सुमारे ८४० मीटरवरच्या लासिथी पठारावर २८ च्या आसपास मिळतं.

सातवी पायरी: पाण्यात उतरताना

लाल झेंडा असेल तर उतरू नका. झेंडा नाही आणि जीवरक्षकही नाही, असं मेमध्ये अनेक किनाऱ्यांवर असतं, कारण त्यांचा मोसम सहसा जूनपासून सुरू होतो. उत्तरेच्या लांब वाळूच्या पट्ट्यांवर लाटा असताना पाणी परत समुद्राकडे ओढणारे प्रवाह तयार होतात. लाटांच्या रांगेत मध्येच एखादी शांत, गढूळ पट्टी दिसली तर तीच धोक्याची जागा असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका. अंग सैल सोडून तरंगत राहा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या आणि मग बाहेर पडा.

खडकांवर समुद्री साळू, म्हणजे काटेरी काळे गोळे असतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, एवढ्यानेच बहुतेक अपघात टळतात.

मेअखेरपासून लॉगरहेड कासवं रेथिम्नो, हानिया आणि मेसारा भागातल्या वाळूत अंडी घालायला येतात. आर्केलॉन संस्थेचे कार्यकर्ते घरट्यांवर जाळीचे सांगाडे लावतात. तिथून लांब राहा, वाळूत छत्रीचा दांडा खोल खुपसू नका आणि रात्री किनाऱ्यावर टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा लावू नका. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरू शकते.

आठवी पायरी: समारिया घळ

क्रीटला जाणाऱ्या प्रत्येक धडधाकट माणसाने ही वाट चालावी, असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी मे-जूनसारखा काळ नाही. घळ साधारण १ मे ते ऑक्टोबरअखेर खुली असते. पाण्याची पातळी जास्त असेल तर मेमधली सुरुवात पुढे ढकलली जाते. पाऊस किंवा उष्णतेची लाट आली तर त्या दिवसापुरती बंद होते. म्हणून आदल्या संध्याकाळी खात्री करून घ्या.

सुरुवात ओमालोस पठाराजवळ झिलोस्कालो इथे, सुमारे १,२३० मीटर उंचीवर. शेवट आयिया रुमेली गावात समुद्रावर. एकूण सुमारे १६ किलोमीटर, बहुतेक उतार, पाच ते सात तास. वर सकाळी जॅकेट लागतं आणि खाली पोचेपर्यंत घाम गाळावा लागतो, इतका फरक. शेवटच्या टप्प्यात कडे तीन-चार मीटरवर जवळ येतात आणि मधून ओढा वाहतो. गोट्यांवरून उतरण्यात गुडघे आणि पायाची नखं दुखावतात, त्यामुळे चांगली पकड असलेले, आधी वापरलेले बूट हवेत. पाण्याचे झरे वाटेत आहेत, लिटरभराची बाटली भरत राहिलं तरी चालतं.

खरी मेख शेवटी आहे. आयिया रुमेलीतून बाहेर पडायला गाडीरस्ता नाही. बोटीने सूया किंवा होरा स्फाकिओन गाठायचं आणि तिथून बस. ही बोट दक्षिणेच्या समुद्रावर चालते, म्हणजे दक्षिणेचा वारा असेल तर तिच्यावरच प्रश्नचिन्ह. त्यामुळे समारियासाठी दक्षिणेचा वारा नसलेला दिवस निवडा, संध्याकाळच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा आणि स्वतःची गाडी वर ओमालोसला सोडू नका, बसनेच जा. गुडघ्यांची खात्री नसेल तर स्फाकियाजवळची इम्ब्रोस घळ घ्या. सुमारे आठ किलोमीटर, वाट सोपी, आणि खाली गाडीरस्ता आहे.

नववी पायरी: बॅग

वारा अडवणारं पातळ जॅकेट, एक स्वेटर, हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी, गॉगल, पाण्यातले बूट, चालायचे बूट, ओलं सामान वेगळं ठेवायची बंद पिशवी, नेहमीची औषधं चिठ्ठीसह, बोटीत मळमळत असेल तर त्याची गोळी. वीज २३० व्होल्टची आणि सॉकेट दोन गोल पिनांचं. किनाऱ्यासाठी मोठी छत्री विकत घेऊ नका, वाऱ्यात ती उडून दुसऱ्याला लागते.

दहावी पायरी: उष्णतेची लाट आणि वणवा

२०२४ च्या जूनमध्ये ग्रीसमध्ये उष्णतेची लाट फार लवकर आली. अथेन्सचं अक्रोपोलिस दुपारी बंद ठेवावं लागलं आणि त्याच दिवसांत बेटांवर उन्हात पायी निघालेले काही पर्यटक मरण पावले. पारा ३७-३८ च्या पुढे सांगितला असेल तर लांबची चाल रद्द करा, निदान एकट्याने तरी जाऊच नका. डोकं दुखणं, गरगरणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली की त्या माणसाला सावलीत न्या, कपडे ओले करून वारा घाला आणि ११२ वर फोन करा. हा क्रमांक इंग्रजीतही उत्तर देतो.

वारा आणि कोरडं गवत एकत्र आलं की वणव्याचा धोका वाढतो. २०२५ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात इएरापेट्राजवळ जोरदार वाऱ्यात वणवा पसरला आणि हजाराहून जास्त लोकांना हलवावं लागलं. अशा वेळी त्या भागातल्या फोनवर मोठ्या आवाजात ११२ चा संदेश येतो, त्यात कोणत्या दिशेने निघायचं ते लिहिलेलं असतं. फोनमधल्या आपत्कालीन सूचना चालू ठेवा आणि संदेश आला की सामान आवरत बसू नका.

अकरावी पायरी: बोटी आणि परतीचा दिवस

पिरेयस या अथेन्सच्या बंदरातून हेराक्लिओ किंवा हानियाला येणारी रात्रीची मोठी जहाजं आठ-नऊ तास घेतात आणि साधारण वाऱ्याला दाद देत नाहीत. हेराक्लिओहून सांतोरिनीला जाणाऱ्या वेगवान बोटी दोनेक तासांत पोचवतात, पण वारा वाढला की आधी त्याच रद्द होतात. सांतोरिनी जोडायचंच असेल तर ते सुट्टीच्या सुरुवातीला किंवा मध्ये ठेवा. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर कंपनी पैसे परत देते किंवा पुढच्या बोटीत जागा देते, मात्र तुमच्या चुकलेल्या विमानाचे पैसे ती देत नाही. म्हणून दुसऱ्या बेटावरची बोट आणि घरी जाणारं विमान एकाच दिवशी कधीच घेऊ नका. शेवटची रात्र ज्या शहरातून विमान आहे त्याच शहरात काढा, आणि लुत्रो, आयिया रुमेली यांसारख्या फक्त बोटीने निघता येणाऱ्या गावातून किमान एक दिवस आधी बाहेर पडा.